‘चिरंतन’ गीत आणि समीक्षेचे बहिरेपण

पर्सी स्लेज यांच्या ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन’ (१९६६) या सोल गीताच्या टिकाऊ आवाहनाची दोन स्पष्टीकरणे नेहमी पुढे केली जातात. प्रेम चिरंतन म्हणून गीतही चिरंतन, हे पहिले. दुसरे आडोर्नो यांचा आधार घेते : लोकप्रिय संगीत साचेबद्ध असते आणि श्रोत्याचा प्रतिसादही त्या साच्यानेच ठरवून दिलेला असतो. या भूमिका परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोघींचा दोष एकच आहे. दोन्ही गाणे ऐकत नाहीत.

विषय चिरंतन असणे पुरेसे असते, तर त्याच विषयावरची असंख्य गीते विस्मृतीत गेली नसती. साचा सर्वशक्तिमान असता, तर त्यातून निघालेली सारीच गीते तगली असती. १९९१ मध्ये मायकेल बोल्टन यांनी गायिलेले हेच गीत अमेरिकेत मूळ गीताप्रमाणेच पहिल्या क्रमांकावर पोहोचले. यावरून संहितेचे सामर्थ्य सिद्ध होते, असा युक्तिवाद संभवतो. परंतु खपाचा क्रमांक आवाहनाचे प्रमाण सांगतो, स्वरूप नव्हे. संहिता आहे ती प्रेमात विवेक हरवलेल्या पुरुषाची. बोल्टन यांच्या कंठात ती शरणागती बळाचे प्रदर्शन बनते. स्लेज यांचा स्वर मात्र स्वतःच मोडकळीला आल्यासारखा उमटतो. शब्द तेच, चाल तीच, अर्थ वेगळा.

हा स्वर निराधार नाही. अलाबामातील शेफील्ड येथील स्टुडिओत गाणारा कृष्णवर्णीय गायक काही काळापूर्वीपर्यंत रुग्णालयात परिचर होता. साथीला गोरे वादक होते. त्याच राज्यातील सेल्मा येथे आदल्याच वर्षी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या चालल्या होत्या. म्हणून हे निषेधगीत ठरवणे हा उलट टोकाचा आळस होईल. मुद्दा इतकाच की, ऑर्गनच्या दीर्घ सुरांवर चढत जाणारी ही याचना कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनाची भाषा बोलते. ईश्वरापुढे शिकलेली आर्तता येथे माणसापुढे मांडली जाते.

संहितेलाच कृती मानणारी समीक्षा या साऱ्याला ‘सादरीकरण’ म्हणून परिशिष्टात ढकलते. हा निव्वळ सैद्धांतिक प्रमाद नव्हे. गीताचे श्रेय कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट यांच्या नावे नोंदले आहे. चाल मुळात आपली होती, असे स्लेज पुढे सांगत राहिले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेत पारंपरिक नभोवाणीवर गीत वाजले की मोबदला रचनाकार आणि प्रकाशक यांना मिळतो, गायकाला नाही. ‘गीत म्हणजे शब्द आणि चाल’ ही समीक्षेची व्याख्या आणि हा हिशेब तंतोतंत जुळतात. तेव्हा ‘चिरंतन’ हे विशेषण वापरण्यापूर्वी, ते कोणाचे देणे बुडवते आहे, हे समीक्षेने तपासले पाहिजे.