कर्णवेधाला संमती कोणाची?

कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात आजीने नातवाचे कान टोचण्याचा विषय काढला, की शहरात स्थिरावलेला मुलगा हल्ली विचारतो, ‘बाळाची संमती घेतली का?’ हा युक्तिवाद उसना आहे. २०१५ साली ब्रिटनमध्ये बालकांचे कान टोचण्यावर बंदी यावी म्हणून हजारोंनी स्वाक्षऱ्या केल्या. त्याचेच प्रतिध्वनी येथे उमटत आहेत.

बाळाचे नाव आणि मातृभाषा ठरविताना त्याची संमती कोण घेतो? अजाण लेकरासाठी निर्णय घेणे हेच तर पालकत्व!

मात्र परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्यांनी ती वाचलीही पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधाने सुरू होतो. रक्षण व भूषण ही प्रयोजने सांगून सुश्रुत सहावा वा सातवा महिना सुचवितो. बाळाला मांडीवर घ्यावे, खेळण्यांनी रमवावे, सूर्यप्रकाशात नैसर्गिक छिद्र पाहून मुलाचा उजवा, मुलीचा डावा कान आधी टोचावा, असे तो सांगतो. शीर दुखावल्यास होणारे विकारही नोंदवितो. अशा शास्त्राला क्रूर म्हणणे हे निव्वळ अज्ञान होय.

आज धनुर्वातप्रतिबंधक लसीच्या पहिल्या तीन मात्रा साडेतीन महिन्यांपर्यंत पूर्ण होतात. सुश्रुताचा काळ त्यानंतरचा आहे. मग बाराव्या दिवसाची घाई कशाला? जत्रेतली अस्वच्छ सुई तरी कशाला? कान सोनारानेच टोचावेत, असे लोक म्हणतात ते कसबी हातासाठी.

आजीने बाराव्या दिवसाचा आग्रह सोडावा, मुलाने उसना युक्तिवाद सोडावा. सहाव्या महिन्यात निर्जंतुक तारेने, जाणत्या हातांनी हा संस्कार घरोघरी व्हावा.