मागच्या स्प्रिंगची तजवीज

दुचाकीवरून जाताना पाठीला बसणाऱ्या हिसक्यांचा सारा दोष रस्त्यांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. ती तक्रार बहुतांशी रास्त असली, तरी त्या त्रासाचा जो अंश एका साध्या पान्याने दूर होण्याजोगा आहे, त्याविषयी मालक, मेस्त्री आणि विक्रेता हे तिघेही जी उदासीनता दाखवतात, ती मला अक्षम्य वाटते.

स्प्लेंडरसारख्या सर्वसामान्यांच्या गाडीला मागे जे दोन शॉकअप असतात, त्यांच्या स्प्रिंगच्या बुडाशी 5 पायऱ्यांची एक कडी असते. आकड्याचा पाना तिच्या खाचेत अडकवून ती फिरवली, की स्प्रिंग मुळातच थोडी अधिक दाबून ठेवली जाते. त्याने स्प्रिंग कडक होते हा समज सार्वत्रिक, पण निराधार आहे. तिचा कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर अवलंबून असतो आणि तो कडीने पालटत नाही, पालटते ती गाडी ओझ्याखाली किती खचते एवढेच. स्वार बसल्यावर तिने एकूण चालीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके खचावे असा ढोबळ दंडक आहे, कारण चाकाला उंचवट्यावर वर येण्यास जशी जागा लागते, तशीच खड्ड्यात खाली उतरण्यासही लागते. किरकोळ अंगाच्या एकट्या माणसाची कडी शेवटच्या पायरीवर असली, की ही खालची मोकळीकच सरते, शॉकअप खड्ड्याखड्ड्याला पूर्ण ताणला जातो आणि त्याचा हिसका थेट कण्यात जातो. उलट, पहिल्याच पायरीवर ठेवलेली गाडी डबलसीट चालवली, तर मागून दणके बसतातच, शिवाय पुढचे तोंड उचलले जाऊन दिव्याचा झोत समोरून येणाऱ्या निरपराध माणसाच्या डोळ्यांत शिरतो. तेव्हा हा प्रश्न केवळ स्वतःच्या सुखाचा राहत नाही.

दोन्ही बाजूंच्या पायऱ्या सारख्याच असाव्यात, हे वेगळे सांगायला नको. मात्र ज्या शॉकअपमधून तेल पाझरू लागले आहे, त्याला कोणतीही पायरी तारू शकत नाही.

नव्या गाडीचा ताबा देताना विमा, नोंदणी, हार, नारळ यांची यथासांग तजवीज होते. पण मालकाला सीटवर बसवून, घरचे कोण मागे बसणार हे विचारून, त्या वजनाजोगी कडी लावून देण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. ताब्याच्या कागदपत्रांत नित्याचे ओझे आणि कडीची पायरी नोंदवणारा एक रकाना असावा, आणि तो भरल्याखेरीज विक्रेत्याने मालकाची सही घेऊ नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.