शैवालघटाचा कार्बन-हिशेब

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक वीज जैविक टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर खर्च होते आणि सेंद्रिय द्रव्यातील बराचसा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन वातावरणात जातो. प्रकाशसंश्लेषी सूक्ष्मजीव इंधनघट या दोन्ही गोष्टींना एकाच वेळी हात घालतो. त्याच्या अ‍ॅनोड कक्षात ऑक्सिजन नसतो. तेथे जिओबॅक्टरसारखे जिवाणू सेंद्रिय द्रव्याच्या विघटनातून सुटणारे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला देतात, ते बाहेरच्या तारेतून आणि प्रोटॉन मधल्या पटलातून कॅथोडकडे जातात व तेथे ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. हा ऑक्सिजन ब्लोअरऐवजी क्लोरेलासारख्या शैवालाने पुरवावा आणि अ‍ॅनोड कक्षातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्याच शैवालाने शोषून घ्यावा, ही कल्पना विलक्षण सुंदर आहे.

मात्र प्रयोगशाळेतील यशावरून या घटाला वीजनिर्मितीचे किंवा कार्बन-ग्रहणाचे यंत्र म्हणण्याची घाई क्षेत्राला महाग पडेल. 1 किलो सीओडी, म्हणजे सेंद्रिय द्रव्याच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास 1 किलो ऑक्सिजन लागेल एवढा भार, घटात नष्ट झाला आणि त्यातील सर्व इलेक्ट्रॉन 0.4 व्होल्टला हाती आले, तरी सुमारे 1.3 युनिट वीज मिळते. पाचवा हिस्साच इलेक्ट्रॉन पकडता आले, तर ती पाव युनिटच्या आसपास उरते. म्हणून घटाचे मोल विकल्या जाणाऱ्या विजेपेक्षा वाचलेल्या ब्लोअरच्या विजेवर ठरवणे योग्य.

कार्बनच्या बाबतीत अडचण जागेची आहे. शैवालाचे 1 किलो कोरडे वस्तुमान तयार होताना सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उघड्या तलावात दर चौरस मीटरला दिवसाकाठी 20 ग्रॅम वाढ झाली, तर ती चांगली मानावी लागते. दररोज 10 लाख लिटर सांडपाणी आणि लिटरमागे 400 मिलिग्रॅम सीओडी धरल्यास तो सगळा भार ऑक्सिडीकृत होताना अंदाजे 550 किलो कार्बन डायऑक्साइड सुटेल व तो पूर्णपणे शोषण्यास जवळपास दीड हेक्टर उजेडाखालील पृष्ठभाग लागेल, जो मुंबई-ठाण्यासारख्या शहरात मिळणे कठीण आहे. शैवाल दाट झाले की प्रकाश काही सेंटिमीटरच्या खाली पोहोचत नसल्याने टाकी खोल करूनही ही गरज टळत नाही. रात्री तर शैवाल स्वतःच्या श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते, कॅथोडला त्याची चणचण भासते आणि विजेचा प्रवाह घसरतो; दिवसाचेच आकडे छापणारे निबंध या निम्म्या काळाबद्दल मौन पाळतात.

शिवाय शैवालात अडकलेला कार्बन कायमचा बांधला गेलेला नसतो. ते वस्तुमान कुजले, जाळले किंवा जनावरांनी खाल्ले, तर तोच वायू परत सुटतो आणि सांडपाण्यातील कार्बन मुळात अन्नातून, म्हणजे अलीकडेच हवेतून आलेला असल्यामुळे अशा ग्रहणाची बेरीज सावधपणेच मांडली पाहिजे. टिकाऊ लाभ वाचलेल्या विजेत, कमी झालेल्या गाळात आणि शैवालाने उचललेल्या नायट्रोजन-फॉस्फरसच्या पुनर्वापरात आहे.

आशेला जागा आहे ती याच ठिकाणी. आयआयटी खरगपूर येथे मकरंद घांगरेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागड्या आयन-विनिमय पटलाच्या जागी भाजलेल्या मातीचे पटल वापरून या घटाची किंमत खाली आणण्याची वाट दाखवली आहे, आणि जेथे जमीन व ऊन दोन्ही उपलब्ध आहेत अशा लहान नगरपरिषदांच्या जुन्या ऑक्सिडीकरण तलावांत, जेथे शैवाल व जिवाणूंची जोडी आधीपासूनच काम करते, अशी रचना बसवून पाहणे रास्त ठरेल.

यापुढे या विषयावरील निबंध लिहिणाऱ्यांनी आणि प्रायोगिक संच चालवणाऱ्यांनी खऱ्या सांडपाण्यावरील, पावसाळ्यासह संपूर्ण वर्षाच्या, दिवस आणि रात्र दोहोंच्या नोंदी द्याव्यात, शैवाल गोळा करण्यास लागलेली वीज त्यातून वजा करावी आणि त्या शैवालाचे पुढे काय झाले हेही लिहावे, अशी आग्रहाची विनंती आहे.