वारल्यांची एकजूट फोडू नका

ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, ही हिंदुत्ववाद्यांची मागणी डहाणू-तलासरीच्या वारली समाजात फूट पाडणारी आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींना धर्माची अट घातली. जमातींना घातली नाही. ते रास्तच होते. देव बदलल्याने गेलेली जमीन परत मिळत नाही, की सावकाराचे कर्ज फिटत नाही.

प्रार्थनेने रोग बरा करू म्हणणारा प्रचारकही टीकेतून सुटू नये. दवाखान्यात डॉक्टर नसतो तेथेच त्याचा चमत्कार खपतो. परंतु त्यावर उपाय डॉक्टर नेमण्याचा आहे, जमातीचा दाखला हिरावण्याचा नव्हे.

16 एप्रिल 2020 रोजी गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांच्या चालकाची निर्घृण हत्या केली. तिचे खापर मिशनऱ्यांवर फोडले गेले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या आरोपपत्रांनी मात्र मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरच बोट ठेवले.

23 मे 1945 रोजी झरीच्या सभेत वारल्यांनी वेठबिगार झुगारली, ती कष्टकरी म्हणून एकवटून. 2006 च्या कायद्याने मान्य केलेले वनहक्क पदरात पाडून घ्यायचे, तर तीच एकजूट हवी. देवाच्या नावाने ती फोडणाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यावर उघडे पाडले पाहिजे.