सेवा करणाऱ्यांची सोय कोण बघणार?

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत एवढं मोठं काही लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. हा लेख इंग्लिश विभागात दिला असता तर मला सोपं गेलं असतं. पण मग ज्यांच्याबद्दल लिहितेय, त्यांनाच तो वाचता आला नसता!

तर मित्रमैत्रिणींनो, गोष्ट आहे आमच्या एन.एस.एस.च्या कॅम्पची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. ब्रीदवाक्य काय, तर ‘नॉट मी, बट यू’. खरं सांगू? आमच्यातल्या निम्म्या जणांना सर्टिफिकेट हवं होतं. मी त्या निम्म्यांतलीच.

आमच्या आठ जणांच्या ग्रुपला गावातली अंगणवाडी रंगवायचं काम मिळालं. भिंतीवर फुलपाखरं, अ आ इ ई, एक मोठा हत्ती... आम्ही जाम खूश! पहिल्या दिवशी सकाळी दहाला ब्रश घेऊन हजर. मुलं आत बसली होती, त्यांना बाहेर झाडाखाली पाठवलं. ताईंची रजिस्टरं पोत्यात भरून कोपऱ्यात टाकली. ताई काही बोलल्या नाहीत. त्या उन्हात मुलांना गोळा करत होत्या, मदतनीस मावशी खिचडीचं पातेलं या झाडाखालून त्या झाडाखाली नेत होत्या, आणि आम्ही फोटो काढत होतो.

चौथ्या दिवशी हत्ती पूर्ण झाला. मी ताईंना विचारलं, “कसा वाटतोय?” त्या म्हणाल्या, “छान झालाय गं. पण पोरींनो, एक सांगू का? संडासाच्या दाराला आतून कडी नाही. तेवढी बसवून देता का? मी सकाळपासून पाणीच पीत नाही बघ.”

मला काय बोलावं तेच सुचेना. चार दिवस आम्ही त्यांच्या कामाच्या जागेत वावरत होतो आणि त्यांना काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. आठ भावी इंजिनियर! कडी बसवायला वीस मिनिटं लागली. रजिस्टरं उंदीर खातात म्हणून भिंतीवर एक फळीही मारली. त्या दिवसापासून आमच्या सरांनी एक पद्धत सुरू केली. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसायचं, ताई आणि मदतनीस मावशींनीसुद्धा. प्रश्न तीनच. आज काय झालं? कुठे अडलं? उद्यासाठी काय लागेल? दुसऱ्याच दिवसापासून रंगकाम दुपारी, मुलं घरी गेल्यावर सुरू झालं. तोपर्यंत हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

परत आल्यावर मी यावर बराच विचार केला. फॅक्टरी म्हटली की आपण लगेच सेफ्टी, लायटिंग, व्हेंटिलेशन याबद्दल बोलतो. त्याचे पेपरसुद्धा असतात आपल्याला. पण काम ‘सेवा’ आहे म्हटलं की हे सगळं आपण विसरतो. जणू सेवा करणाऱ्याला तहान लागत नाही, पाठ दुखत नाही!

अंगणवाडीचंच बघा. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळेआधीचं शिक्षण अशी कामं तिच्यात येतात. पण या कामाला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्राने सेविकांचं मूळ मानधन ३००० वरून ४५०० रुपये केलं. राज्याची भर त्यात वेगळी पडते. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला.

आणि साधनांचं काय? २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. मोबाईलची मेमरी कमी, तो सारखा हँग होणार, आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्लिशमध्ये! आपल्यातलेच कोणी पुढे असली अ‍ॅप्स बनवणार आहेत. ते वापरणाऱ्या बाईला आधी विचारायचं, एवढं तरी आपण शिकून बाहेर पडूया.

आता म्हणाल, ही गावाकडची गोष्ट झाली, आपल्या हॉस्टेलचा काय संबंध? तिकडेच येतेय.

आपल्या लेडीज हॉस्टेलमध्ये साफसफाईला मावशी येतात. त्या डबा कुठे खातात, माहीत आहे? जिन्याखाली. एका बाजूला बादल्या, दुसऱ्या बाजूला फिनाईलचे कॅन. मी दोन वर्षं त्याच जिन्याने वर-खाली करते. कॅम्पवरून परत आले तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं.

आणखी एक कबुली द्यायची आहे. मागच्या सेमिस्टरला मी कंप्लेंट रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ‘सेकंड फ्लोअरची बाथरूम्स तीन दिवस साफ नाहीत.’ सही केली आणि विसरून गेले. परवा मावशींशी बोलताना कळलं की तेव्हा अ‍ॅसिड संपलं होतं, हातमोजे फाटले होते आणि दुसरी मावशी आजारी होती. तीन मजले एकट्या बघत होत्या. माझ्या कंप्लेंटनंतर त्यांचा एका दिवसाचा पगार कापला गेला. मी सॉरी म्हटलं, तर म्हणाल्या, “असू दे बाळा, तुला कुठं माहीत होतं?”

खरंय, मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायची आपल्याकडे सोयच नाही, हाच तर माझा मुद्दा आहे! आपलं रजिस्टर एकाच बाजूने लिहिलं जातं. आपण लिहायचं, त्यांनी ऐकायचं.

काही जण म्हणतील, ते कॉन्ट्रॅक्टरचे लोक, कॉलेज काय करणार? कायदा असं म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली जो कायदा झाला, त्याच्या व्याख्येत कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेली बाई कर्मचारी धरली आहे. पैसे न घेता स्वेच्छेने काम करणारीसुद्धा! म्हणजे आपल्या मावशीही त्यात येतात आणि कॅम्पला गेलेल्या आपण मुलीही. कायद्याला जे कळलं, ते आपल्याला कळायला हरकत नाही.

बजेट नाही, असंही म्हणतील. मान्य. पण मी एसी मागत नाहीये. माझ्या मागण्या अशा आहेत. एक, तळमजल्यावरची स्टोअर रूम रिकामी करून तिथे एक बाक, एक पंखा, पिण्याचं पाणी आणि आतून कडी असलेलं दार. दोन, हातमोजे आणि गमबूट संपण्याआधी नवे, संपल्यावर नाही. तीन, कंप्लेंट रजिस्टरमध्ये दुसरा रकाना, ‘काम का झालं नाही?’ आणि तो मावशींना विचारून भरल्याशिवाय कोणाचा पगार कापायचा नाही. चार, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची बैठक. रेक्टर मॅडम, हॉस्टेल कमिटी, मेसचे काका, मावशी आणि आपण. प्रश्न तेच तीन.

आणि आपल्या बाजूने? बेसिनमध्ये मॅगी टाकायची नाही. पुसलेल्या फरशीवरून चिखलाच्या चपला घालून जायचं नाही. मेसमधल्या काकांना ‘ए’ करून हाक मारायची नाही. कामाचं वातावरण म्हणजे नुसत्या भिंती आणि पंखे नाहीत, आपण कसं वागतो हेही त्यातच आलं.

रेक्टर मॅडमना मी हे सगळं तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, “लिहून दे.” म्हणून हा लेख म्हणजे माझा अर्जच समजा. खाली सही एकटीची आहे, पण जागा भरपूर आहे. ज्यांना पटेल त्यांनी नोटीस बोर्डाजवळ लावलेल्या कागदावर आपलंही नाव लिहावं.

आणि आज जिन्यावरून जाताना एकदा खाली बघाच!

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल