रात्रीची लेखणी

संसारातून सवड मिळाली म्हणजे लिहू, असे आपण म्हणत राहतो (प्रस्तुत लेखकही त्यांतलाच!); सवड काही मिळत नाही. बंगालीतील आशापूर्णा देवींना (१९०९–१९९५) तरी ती कुठे होती? शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. पंधराव्या वर्षी विवाह झाला. घरकाम उरकून, सारे निजले म्हणजे त्या लिहावयास बसत. त्यांच्या ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४) या कादंबरीस १९७६ चे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. त्यांच्या चिकाटीचे आपण कौतुक करतो. परंतु लेखनाचे मोल त्यांनी आपल्या झोपेने चुकविले, हे सोयीस्करपणे विसरतो. आपल्या घरी कोणी अशी जागत असेल, तर सकाळचा चहा इतरांनी करावयास काय हरकत आहे?