‘फॅमिली’ पाटीच्या पलीकडे

पावसाळी शनिवार-रविवारी भुशी धरणावर भिजलेली कुटुंबे रात्री लोणावळ्यात जेवायला हॉटेल शोधतात. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ ही पाटी बसण्याची सोय सांगते, स्वयंपाकघराची नाही. गर्दीत भात, ग्रेव्ही आधीच करून ठेवलेली असू शकते. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तशा भातात बॅसिलस सिरियस जिवाणूचे विष तयार झाले, तर ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून दर्शनी भागात एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि बेसिनवर साबण आहे का, ते पाहा. ताजे, वाफाळते मागवा. कापलेली काकडी, बर्फ टाळा. ओआरएस सोबत ठेवा. जुलाब होऊन मूल सुस्तावले, लघवी कमी झाली, तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठा.